ध्वनीचे शिक्षण विद्यापीठात हवे, आणि ते कानापासून सुरू व्हावे

महोदय,

बारावीचे निकाल लागून पदवी प्रवेशाची धावपळ सुरू झाली की अलीकडे एक प्रश्न पालकांकडून हमखास विचारला जातो. मुलाला किंवा मुलीला संगीतनिर्मिती आणि साउंड इंजिनिअरिंग शिकायचे आहे, तर प्रवेश कुठे घ्यावा? नाटकांची ध्वनिव्यवस्था, गाण्यांचे ध्वनिमुद्रण आणि मालिकांचे मिक्सिंग (वेगवेगळे आवाज योग्य प्रमाणात एकत्र करणे) ही कामे मी या शहरात वर्षानुवर्षे करत आलो असल्यामुळे हा प्रश्न माझ्यापर्यंतही येतो, आणि ज्या शहराने देशाला बोलपट दिला त्या शहरात त्याचे सरळ, समाधानकारक उत्तर देता येत नाही याची मला मनापासून खंत वाटते. या विषयाचे पूर्ण पदवी शिक्षण सार्वजनिक विद्यापीठात, सामान्य घरातल्या विद्यार्थ्याला झेपेल अशा शुल्कात मिळाले पाहिजे, आणि त्याचा पाया संगणकावरचे सॉफ्टवेअर हा नसून ऐकण्याची शिस्त, भौतिकशास्त्र आणि आपले संगीत हा असला पाहिजे, हे सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मुंबईचा ध्वनीशी असलेला संबंध नव्याने सांगण्याची गरज नाही, तरी दोन-तीन गोष्टी नोंदवतो. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई रेडिओ केंद्र सुरू झाले. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात देशातला पहिला बोलपट झळकला. परळच्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई यांनी केलेल्या ध्वनिमिश्रणाकडे या धंद्यातली माणसे आजही आदर्श म्हणून पाहतात. ताडदेवचे फेमस, वांद्र्याचे मेहबूब, फोर्टमधले वेस्टर्न आउटडोअर या स्टुडिओंमधून बाहेर पडलेला आवाज दोन-तीन पिढ्यांच्या कानांत बसलेला आहे.

त्या काळात या कामाचे शिक्षण स्टुडिओतच होत असे. मोठ्या दालनात सगळा वाद्यवृंद एकत्र बसायचा, गायक बाजूच्या बूथमध्ये उभा राहायचा आणि टेक एका दमात पार पडावा लागायचा. नवा मुलगा आधी केबल गुंडाळायला शिकायचा, मग माईकचे स्टँड लावायला, मग कोणत्या वाद्यापुढे कोणता माईक किती अंतरावर ठेवायचा हे पाहायला. मिक्सरला हात लावण्याची परवानगी मिळेपर्यंत त्याचे कान तयार झालेले असत. ही पद्धत निर्दोष होती असे मला म्हणायचे नाही. तिथे ओळखीशिवाय शिरकाव होत नसे, मुलींना तर जवळजवळ होतच नसे, आणि शिकवणारा मनात येईल तेवढेच शिकवी. पण ती एक व्यवस्था होती. मल्टिट्रॅक, म्हणजे प्रत्येक वाद्य वेगळे मुद्रित करण्याचे तंत्र, आणि त्यानंतर संगणक आल्यावर वाद्यवृंद विखुरला, एकेक वादक वेगळा वाजवू लागला, बरेचसे काम छोट्या खोल्यांत गेले आणि त्या खोल्यांत मदतनिसाला बसायला जागाच उरली नाही. हाताखाली शिकण्याची साखळी तुटली, आणि तिच्या जागी जे आले ते मुख्यतः खासगी अकादम्यांचे सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचे अभ्यासक्रम.

या अकादम्यांत मनापासून शिकवणारी माणसे आहेत, हे मी जाणतो. मात्र तिथून शिकून आलेली जी मुले माझ्याकडे काम मागायला येतात, त्यांच्याशी बोलताना एक उणीव वारंवार दिसते. प्रो टूल्स, लॉजिक, क्युबेस किंवा एबलटन या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमधली कोणती कळ कुठे आहे हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असते. पण लावलेल्या तानपुऱ्यात पंचम किंचित उतरला आहे का, गायिकेच्या आवाजातला बोचरेपणा कोणत्या कंप्रतेच्या (फ्रिक्वेन्सीच्या) आसपास आहे, किंवा दोन टेकमधला फरक लयीचा आहे की आवाजाच्या पातळीचा, असे विचारले की ती पडद्यावरच्या आलेखाकडे पाहू लागतात. दोष मुलांचा नाही. घरच्यांनी काही लाख रुपये भरलेले असतात आणि त्या पैशांत त्यांना यंत्र चालवायला शिकवलेले असते. सॉफ्टवेअर दर दोन वर्षांनी बदलते आणि ते मुले इंटरनेटवर बघून घरीसुद्धा शिकतात. ऐकणे मात्र कोणीतरी शेजारी बसून, रोज, चुका दाखवत शिकवावे लागते.

याचे एक उदाहरण जरा खोलात जाऊन देतो, कारण ते मुंबईतल्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याला लागू पडते. इथल्या मुलाचा पहिला स्टुडिओ म्हणजे त्याची राहती खोली, आणि ती बहुधा दहा फूट बाय दहा फूट असते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर समोरासमोरच्या भिंतींत ३.०५ मीटर अंतर असलेल्या खोलीत सुमारे ५६ हर्ट्झचा स्वर अडकून राहतो. भिंतींलगत तो फुगतो आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. खोली चौरस असल्यामुळे लांबी आणि रुंदी या दोन्हींचा परिणाम एकाच कंप्रतेवर साचतो, आणि छत साडेनऊ फुटांवर असेल तर त्याचा परिणामही फार दूर पडत नाही. बास गिटारची मोकळी ‘ए’ तार ५५ हर्ट्झला वाजते, म्हणजे नेमकी याच जागी. आता मुलाने टेबल-खुर्ची खोलीच्या मध्यावर मांडली, तर त्याला बास कमी ऐकू येतो. म्हणून तो बास वाढवतो, आणि तेच गाणे मित्राच्या गाडीत लावले की शब्द बुडवून टाकणारा नुसता घुमारा ऐकू येतो. मग स्पीकर वाईट आहेत असे समजून तो आणखी महाग स्पीकर घेतो, भिंतींना एक इंच जाडीचा फोम चिकटवतो. तो फोम वरच्या कंप्रतांचा आवाज थोडाफार शोषतो, पण ५६ हर्ट्झच्या तरंगाची लांबी सहा मीटरपेक्षा जास्त असते. तिथे एक इंच फोमने काहीही साधत नाही. प्रत्यक्षात त्याने खुर्ची दीड-दोन फूट मागे-पुढे सरकवून पाहिली असती, एका मापनाच्या माईकने खोली मोजली असती आणि कोपऱ्यांत जाड खनिज लोकरीचे शोषक उभे केले असते, तर फारशा खर्चाशिवाय निम्मा प्रश्न सुटला असता. हे सगळे अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रातल्या स्थिर तरंगांच्या धड्यात आहे. तो धडा आणि ही खोली यांची गाठ घालून देणारा शिक्षक त्या मुलाला भेटलेला नसतो.

नाटकांच्या बाबतीतही हेच दिसते. आपल्या नाट्यगृहांत रंगमंचाच्या पुढच्या कडेला तीन-चार फूटमाईक ठेवलेले असतात आणि अनेकदा प्रयोगभर ते सगळे एकाच वेळी उघडे राहतात. नट एका माईकपासून जेवढ्या अंतरावर आहे त्यापेक्षा दुसऱ्यापासून ३४ सेंटिमीटर अधिक दूर असेल, तर त्याचा आवाज दुसऱ्या माईकवर एक सहस्रांश सेकंद उशिरा पोहोचतो. दोन्ही एकत्र मिसळले की ५००, १,५००, २,५०० हर्ट्झ अशा ठिकाणी आवाज कापला जातो आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला नट डब्यात तोंड घालून बोलत असल्यासारखा वाटतो. यावर उपाय म्हणजे संहिता समोर ठेवून, नटांच्या हालचाली पाठ करून, बोलणाऱ्याच्या जवळचा माईक तेवढा उघडा ठेवणे. जुने जाणकार ऑपरेटर हे अनुभवाने करतात. नव्या मुलाला त्यामागचे कारण कळले, तर तो पहिल्या महिन्यापासून करील. मराठी रंगभूमीवर लेखक, दिग्दर्शक, नट आणि नेपथ्यकार यांच्या शिक्षणाचा जेवढा विचार झाला, तेवढा शब्द प्रेक्षकापर्यंत पोहोचवणाऱ्या माणसाच्या शिक्षणाचा झाला नाही.

हा विषय विद्यापीठाच्या योग्यतेचा आहे का, अशी शंका काही प्राध्यापक मंडळी अजूनही घेतात, म्हणून दोन बाहेरचे दाखले देतो. जर्मनीतल्या डेटमोल्ड येथील संगीत विद्यालयात ध्वनिमुद्रकांसाठीचे उच्च शिक्षण १९४९ मध्येच सुरू झाले. इंग्लंडच्या सरे विद्यापीठात १९७० पासून अशी पदवी दिली जाते. तिथे संगीताची आणि गणित-भौतिकशास्त्राची अशी दोन्ही तयारी पाहिली जाते आणि विद्यार्थी शिक्षणाचे एक वर्ष प्रत्यक्ष व्यवसायात काढतो. आपल्याकडे पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटने ध्वनीचे शिक्षण अनेक दशके गंभीरपणे दिले आहे. २००९ मध्ये ध्वनिमिश्रणासाठी ऑस्कर मिळवणाऱ्यांपैकी एक असलेले रसूल पुकुट्टी तिथेच शिकले. पण तो तीन वर्षांचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा, मोजक्या जागांचा आणि चित्रपटाकडे रोख असलेला आहे. बारावीनंतर थेट या विषयाकडे वळू पाहणाऱ्या मुलुंडच्या किंवा विरारच्या मुलीचा प्रश्न त्याने सुटत नाही.

शिवाय परदेशी अभ्यासक्रम जसाच्या तसा उचलूनही आपले भागणार नाही, कारण आपल्या वाद्यांचे विज्ञान वेगळे आहे आणि त्यावर आपल्याच विद्यापीठांत मोलाचे काम झालेले आहे. कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक असताना सी. व्ही. रामन यांनी १९२० च्या सुमारास तबला-मृदंगाच्या चामड्याचा अभ्यास केला. साध्या ताणलेल्या चामड्यातून निघणारे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर उमटणारे वरचे स्वर, एकमेकांशी सुसंवादी नसतात. मधल्या शाईमुळे मात्र ते सुसंवादी होतात आणि म्हणून तबला सुरात लावता येतो, हे त्यांनी दाखवून दिले. तानपुऱ्याबद्दलचे त्यांचे निरीक्षण तर ध्वनिमुद्रकाने रोज लक्षात ठेवावे असे आहे. तार जिथे छेडली जाते तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू (तारेची न हलणारी जागा) पडतो ते उपस्वर उमटू नयेत, असा सामान्य नियम. पण तानपुऱ्याची रुंद, किंचित वक्र घोडी आणि तिच्यावर तारेखाली सरकवलेला दोरा यांमुळे तेही भरघोस ऐकू येतात. यालाच वादक जवारी म्हणतात. जवारीचे हे मर्म ज्याला सांगितले गेलेले नाही, असा मुलगा घोडीला खेटून माईक लावतो, मग कानाला टोचणारी खरखर ईक्यूने, म्हणजे ठरावीक कंप्रता कमी-जास्त करणाऱ्या साधनाने, कापून टाकतो, आणि त्याबरोबर तानपुऱ्याचा प्राणच कापला जातो. संगीताच्या शिक्षकाला जवारी ठाऊक असते, भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला उपस्वर ठाऊक असतात. विद्यार्थ्याला दोन्ही एकाच वर्गात मिळाले पाहिजे. मुंबई विद्यापीठात भौतिकशास्त्र विभाग आहे, संगीत विभाग आहे, लोककला अकादमीही आहे. या तिन्हींना एकत्र बसवून चार वर्षांची पदवी आखणे अशक्य नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने एका शाखेच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या शाखेचा विषय घेण्याची आणि प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक देण्याची वाट मोकळी करून दिलेलीच आहे. पोवाड्याची डफ-तुणतुण्यासह उघड्यावर नोंद कशी करावी, किंवा पन्नास टाळ आणि एक पखवाज असताना अभंगाचे शब्द वर कसे ठेवावेत, हे जगातल्या दुसऱ्या कोणत्याही विद्यापीठात शिकवले जाणार नाही. ते इथेच शिकवले गेले पाहिजे.

शिकवणार कोण, हा आक्षेप खरा आहे. उत्तम ध्वनिमुद्रकांकडे नेट किंवा पीएचडी नसते, आणि ज्यांच्याकडे ती असते त्यांनी बहुधा स्टुडिओत रात्री काढलेल्या नसतात. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही तरतूद केली. तिच्यानुसार आपल्या क्षेत्रात किमान १५ वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाला औपचारिक पदवीची अट न घालता, मंजूर पदांच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत नेमता येते. मुंबईइतके अनुभवी ध्वनितज्ज्ञ या देशात क्वचितच दुसऱ्या शहरात असतील, आणि त्यांच्यापैकी अनेकांना आपल्याजवळचे पुढच्या पिढीला देण्याची इच्छा आहे, हे मी त्यांच्याशी झालेल्या बोलण्यातून सांगू शकतो.

अभ्यासक्रमात आणखी दोन गोष्टी असाव्यात, ज्या आज जवळजवळ कुणीच शिकवत नाही. एक म्हणजे कायदा. आज एकच तरुण चाल लावतो, वाद्ये वाजवतो, मुद्रित करतो आणि मिक्सही करतो. नंतर एका कागदावर सही करून ते सगळे एकरकमी देऊन टाकतो. प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता. गीतकार आणि संगीतकार यांचे हक्क वेगळे असून २०१२ च्या दुरुस्तीने त्यांच्या स्वामित्वधनाला (रॉयल्टीला) संरक्षण दिलेले आहे, वादकाचे हक्क आणखी वेगळे. आपण कोणत्या भूमिकेत सही करत आहोत हे कळण्याइतके शिक्षण त्याला मिळायला हवे. दुसरी गोष्ट म्हणजे स्वतःच्या कानांची काळजी. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास ही कामाच्या ठिकाणची सर्वसाधारण सुरक्षित मर्यादा मानली जाते, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे. हेडफोन लावून पहाटेपर्यंत बसणाऱ्या विशीतल्या मुलांना हा हिशोब पहिल्याच आठवड्यात समजावला पाहिजे, कारण गेलेले ऐकणे परत येत नाही.

याचा उपयोग फक्त संगीताच्या क्षेत्रापुरता राहणार नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि उत्सवांच्या दिवसांत ती पाळली जावी यासाठी दरवर्षी पोलीस, मंडळे आणि नागरिक यांच्यात तणाव होतो. या चर्चेत प्रशिक्षित ध्वनितंत्रज्ञाला कोणी विचारत नाही. मैदानावरच्या सभेत पुढच्या दोन भिंतींएवढ्या स्पीकरमधून शेवटच्या माणसापर्यंत आवाज फेकण्याऐवजी मध्ये मध्ये लहान स्पीकर उभे करता येतात. ३४ मीटरवरच्या स्पीकरला एक दशांश सेकंदाचा विलंब दिला की प्रतिध्वनीसारखा दुहेरी आवाज न येता शब्द स्पष्ट पोहोचतात, आणि एकूण आवाज कमी ठेवता येतो. बासचे स्पीकर विशिष्ट रीतीने मांडले तर मागच्या इमारतींकडे जाणारा दणका बराच कमी करता येतो. हे जाणणारी माणसे वस्त्यावस्त्यांत तयार झाली, तर मंडळांना आपला उत्सव आणि शेजारच्या आजारी माणसाची झोप या दोन्ही गोष्टी सांभाळता येतील.

राज्य शासनाने २०२२ मध्ये भारतरत्न लता मंगेशकर यांच्या नावाचे आंतरराष्ट्रीय संगीत महाविद्यालय मुंबईत सुरू केले, याचा प्रत्येक संगीतप्रेमीला आनंद झाला. ज्यांचा आवाज माईकपुढे अर्धशतकाहून अधिक काळ घडला, त्यांच्या नावाच्या महाविद्यालयात ध्वनिमुद्रणाच्या शास्त्राला गायन-वादनाच्या बरोबरीचे स्थान मिळावे आणि विद्यापीठाच्या सहकार्याने त्याची पूर्ण पदवी दिली जावी, असे मला वाटते. शिकवणे मराठीतूनही व्हावे. फेडर, गेन, कॉम्प्रेसर हे शब्द आहेत तसेच राहू द्यावेत, पण समजावणे विद्यार्थ्याच्या भाषेत व्हावे. मुलींसाठी काही जागा राखून ठेवाव्यात, आणि प्रशिक्षणाच्या काळात रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या कामानंतर त्यांना घरी पोहोचवण्याची जबाबदारी संस्थेने घ्यावी. शेवटची लोकल चुकेल या एका भीतीपोटी हुशार मुली या क्षेत्रातून बाहेर पडताना मी पाहिल्या आहेत.

एक विनंती मात्र तातडीची आहे. या महाविद्यालयाची स्वतःची वास्तू कलिना परिसरात उभारण्याचा मानस शासनाने जाहीर केलेला आहे. कलिना हा भाग विमानतळाला लागून आहे, आणि उड्डाण करणाऱ्या विमानाचा खालच्या कंप्रतेचा आवाज साध्या भिंतींना दाद देत नाही. ध्वनिमुद्रणाची खोली इमारत पूर्ण झाल्यावर फोम आणि जाड पडदे लावून तयार होत नसते. तिच्यासाठी मूळ स्लॅबपासून अलग ठेवलेली तरंगती जमीन, खोलीच्या आत स्वतंत्र भिंतींची दुसरी खोली, दुहेरी दारे आणि हवा सावकाश वाहील अशा रुंद वातानुकूलन नळ्या लागतात. या सगळ्याचे वजन आणि उंची खांब-तुळयांच्या हिशोबातच धरावी लागते. म्हणून वास्तूचे नकाशे अंतिम करताना ध्वनिशास्त्र जाणणारा वास्तुसल्लागार आणि किमान एक कार्यरत ध्वनिमुद्रक यांना त्या समितीत घ्यावे, अशी विनंती मी आपल्या दैनिकामार्फत राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाला आणि मुंबई विद्यापीठाला करतो.

आपला विश्वासू,
एक ध्वनिमुद्रक, परळ, मुंबई